शेजारची बँक: नवख्या ग्राहकाने व्यवहार कसा सुरू करावा

स्थानिक बँक आपल्या परिसराला काय परत देते, असे विचारले की बहुधा देणग्यांची यादी पुढे केली जाते: शाळेला बाके, वाचनालयाला पुस्तके, क्रीडास्पर्धेला प्रायोजकत्व. ही यादी खोटी नसते, पण तिच्यावरून बँक ओळखता येत नाही. सुस्थितीतील बँकेचा वर्षाचा निव्वळ नफा साधारणपणे तिच्या एकूण मालमत्तेच्या एक टक्क्याच्या आसपास असतो. त्या नफ्याचा विसावा हिस्सा देणग्यांसाठी काढला, तरी मालमत्तेच्या दर शंभर रुपयांमागे तो पाच पैसे होतो. त्याच शंभरांतले साठ-सत्तर रुपये मात्र कर्जाच्या रूपाने कोणाच्या तरी हाती असतात. ते हात परिसरातले आहेत की दूरच्या मोठ्या कर्जदारांचे, यावर ती बँक शेजाऱ्यांच्या कितपत उपयोगी पडते हे ठरते. परिसरात नव्याने राहायला आलेल्या किंवा मोठ्या बँकेतून लहान बँकेकडे वळू पाहणाऱ्या माणसाने काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे पुढे सांगितले आहे.

१. बँकेचा मालक कोण, हे आधी विचारावे

स्थानिक म्हणवणाऱ्या सगळ्या बँका एका साच्यातल्या नसतात. काही बँका सभासदांच्या मालकीच्या, म्हणजे सहकारी असतात. काही खाजगी भागधारकांच्या असतात, पण ते भागधारक आणि संचालक त्याच गावातले असतात. जर्मनीतील श्पारकासे नावाच्या बचत बँकांसारख्या काही बँका नगरपालिका किंवा जिल्ह्याच्या आधाराने चालणाऱ्या सार्वजनिक संस्था आहेत आणि नेमून दिलेल्या क्षेत्रातच व्यवसाय करण्याचे तत्त्व त्या पाळतात. नफा कोणाला मिळतो, संचालक कोण निवडतो आणि बँक विकायची वेळ आली तर कोणाची संमती लागते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की मालकी पुरेशी स्पष्ट होते. ती उत्तरे शाखेत मिळाली नाहीत, तर बँकेच्या पोटनियमांत किंवा वार्षिक अहवालात मिळतात.

या बँका मुळात का निघाल्या, हे ठाऊक असले तर त्यांच्याकडून काय अपेक्षा धरावी हेही कळते. स्कॉटलंडमधील रुथवेल गावी हेन्री डंकन या धर्मोपदेशकाने १८१० साली बचत बँक काढली, कारण प्रस्थापित बँका गरिबांच्या किरकोळ रकमा ठेव म्हणून घेत नसत. जर्मनीत हेर्मान शुल्झे-डेलिच यांनी १८५० मध्ये कारागीर आणि लहान व्यावसायिकांसाठी कर्जसंस्था उभारली. फ्रिडरिश विल्हेल्म रायफायझेन यांचा अनुभव तर या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात वायरबुश येथील नगरप्रमुख या नात्याने त्यांनी श्रीमंतांकडून पैसे जमवून गरिबांना उधारीवर पाव मिळण्याची सोय केली. पुढे त्यांनी काढलेल्या संस्थाही प्रथम अशाच दानशूरांच्या पैशावर चालल्या. दात्यांचा उत्साह ओसरला की संस्था थकते, असे त्यांना दिसून आले, तेव्हा १८६४ मध्ये हेडेसडोर्फ येथे त्यांनी कर्जदारांनाच सभासद करून घेणारी आणि परस्परांच्या हमीवर चालणारी पतसंस्था उभी केली. दान आटते, पण फिरता पैसा परत येऊन पुन्हा दुसऱ्याच्या उपयोगी पडतो, हा त्यांचा निष्कर्ष आजही लागू पडतो. कॅनडातील क्वेबेक प्रांतात लेव्ही येथे अल्फोंस देजार्दँ यांनी १९०० साली सुरू केलेली लोकबँक याच विचारातून आली. १८८९ साली बडोद्यात स्थापन झालेली अन्योन्य सहकारी मंडळी ही भारतातील या वाटेवरची अगदी सुरुवातीची संस्था होय.

२. ठेव सुरक्षित आहे का, हे भावनेच्या आधी तपासावे

शेजारची बँक आहे, चेहरे ओळखीचे आहेत, एवढ्यावर पैसे ठेवू नयेत. बँकेला देशाच्या बँक नियामकाचा परवाना आहे का आणि तिच्या ठेवींना विमा आहे का, या दोन गोष्टी नियामकाच्या व विमा संस्थेच्या यादीतच पाहाव्यात. शाखेतील फलकावर विसंबू नये. विम्याची मर्यादा देशागणिक बदलते. अमेरिकेत ती प्रत्येक ठेवीदारासाठी, प्रत्येक बँकेमागे आणि खात्याच्या प्रत्येक मालकी-प्रकारामागे २,५०,००० डॉलर आहे. युरोपीय संघात ती १,००,००० युरो आहे. भारतात ४ फेब्रुवारी २०२० पासून मुद्दल आणि व्याज मिळून ती पाच लाख रुपये आहे. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे विभागून ठेवले म्हणून ही मर्यादा वाढत नाही. भारतातील वाचकांनी आणखी एक भेद ध्यानात ठेवावा: पतसंस्थेतील ठेवींना हे विमासंरक्षण नसते, मग तिचे कार्यालय आणि कामकाज कितीही बँकेसारखे असो.

३. वार्षिक अहवाल वाचावा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि नेमकी हीच सर्वांत जास्त काही सांगते. अहवालाच्या पहिल्या पानांवरील छायाचित्रे आणि सत्कारांचे वृत्तान्त ओलांडून थेट ताळेबंदाकडे जावे. तेथे तीन आकडे शोधावेत: ठेवी, कर्जे आणि गुंतवणूक. कर्जांना ठेवींनी भागले की बँकवाले ज्याला सीडी रेशो म्हणतात ते कर्ज-ठेव प्रमाण मिळते. ते फारच कमी असेल, तर परिसरातून गोळा झालेला पैसा सरकारी रोख्यांत किंवा इतर बँकांत जाऊन बसला आहे, असा अर्थ निघतो. त्यात ठेवीदाराचा धोका कमी असतो, पण शेजारच्या दुकानदाराला त्याचा उपयोग नसतो. ते शंभर टक्क्यांच्या जवळ गेले असेल, तर अचानक ठेवी काढल्या गेल्यास बँकेची ओढाताण होऊ शकते. काही रक्कम रोख आणि सुरक्षित रोख्यांत ठेवणे बँकेला बंधनकारक असते, म्हणून गोळा केलेला प्रत्येक रुपया कर्जात गेला पाहिजे अशी अपेक्षा धरणे योग्य नाही.

यानंतर कर्जांचे वर्गीकरण पाहावे. घरबांधणी, लहान व्यवसाय, शेती, शिक्षण, वाहन, सोनेतारण अशा प्रकारांत एकूण रक्कम कशी विभागली आहे, हे बहुतेक अहवालांत दिलेले असते. कर्जदारांची संख्या दिली असेल, तर एकूण रकमेला तिने भागून सरासरी कर्ज काढावे. सरासरी डोळ्यांत भरण्याइतकी मोठी निघाली, तर लहान माणसांची बँक हे बिरुद तपासून घ्यावे लागते. सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जापैकी किती टक्के रक्कम आहे आणि संचालक व त्यांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिले आहे, हे आकडे अहवालाच्या शेवटी, बारीक अक्षरांतील टिपांत सापडतात. माझ्या मते साऱ्या अहवालात याहून मोलाची जागा नाही.

थकबाकीचा आकडाही पाहावा. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की ते कर्ज अनुत्पादक मानण्याची पद्धत जगात बहुतेक ठिकाणी आहे. एखाद्या वर्षी हे प्रमाण वाढले म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण परिसरावर संकट आले की त्याच परिसराला कर्ज देणाऱ्या बँकेवर त्याची सावली पडणारच. मात्र ते सलग तीन वर्षे चढत असेल आणि अहवालात त्याचे कारण सांगितलेले नसेल, तर प्रश्न विचारावा. जोखमीच्या तुलनेत बँकेचे स्वतःचे भांडवल किती, हे सांगणारे भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण त्याच पानावर असते. आंतरराष्ट्रीय बासल करारांनी ते किमान आठ टक्के ठरवले आणि अनेक देशांचे नियामक त्याहून अधिक मागतात.

शेवटी नफावाटणीचे पत्रक. लाभांश किती दिला, राखीव निधीत किती टाकला आणि समाजोपयोगी कामासाठी किती ठेवला, हे येथे एकत्र दिसते. इटलीतील सहकारी पतबँकांना वार्षिक निव्वळ नफ्यापैकी किमान सत्तर टक्के रक्कम राखीव निधीत टाकावी लागते आणि तीन टक्के सहकाराच्या प्रसारासाठीच्या निधीला द्यावी लागते. राखीव निधी वाढणे रुक्ष वाटते आणि त्याचे छायाचित्र काढता येत नाही. परंतु तो पैसा कोणी घरी नेत नाही. तो भांडवलात मिसळतो आणि त्याच्या आधारावर पुढच्या पिढीतील कर्जदारांना कर्ज मिळते. परत देणे या शब्दांना येथे देणगीच्या धनादेशापेक्षा अधिक वजन आहे.

अमेरिकेत हे काम थोडे सोपे झालेले आहे. १९७७ च्या सामुदायिक पुनर्गुंतवणूक कायद्यानुसार बँकेने आपल्या सेवाक्षेत्रातील, विशेषतः कमी व मध्यम उत्पन्नाच्या वस्त्यांतील कर्जाच्या गरजा कितपत भागवल्या याची नियामक तपासणी करून तिला श्रेणी देतात आणि त्या मूल्यमापनाची सार्वजनिक फाइल कोणालाही पाहायला मागता येते. एखाद्या वस्तीच्या ठेवी घ्यायच्या आणि त्याच वस्तीला कर्ज नाकारायचे, ही जुनी प्रथा मोडण्यासाठी तो कायदा आला.

४. खाते लहान उघडावे, पण वापरते ठेवावे

खाते उघडण्याची कागदपत्रे सर्वत्र जवळपास सारखीच असतात: ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, कराशी संबंधित क्रमांक. नव्याने राहायला आलेल्याला पत्त्याच्या पुराव्याची अडचण येते, म्हणून भाडेकरार किंवा नोकरीच्या ठिकाणचे पत्र चालेल का, हे आधी विचारून जावे. वारसाचे नामनिर्देशन त्याच दिवशी करावे. शुल्कपत्रक मागून घ्यावे आणि मोबाइलवरील सेवा पुरेशी आहे का हे पाहावे, कारण या बाबतीत लहान बँका बऱ्याचदा मागे असतात आणि आपुलकीने ती उणीव भरून निघत नाही. सर्व व्यवहार एकदम हलवण्याची घाई नको. वीजबिल, घरभाडे किंवा व्यवसायातील नियमित जमा, यांपैकी एखादा व्यवहार या खात्यातून होऊ लागला की बँकेकडे तुमची नोंद तयार होऊ लागते. पुढच्या पायरीला तीच कामी येते.

५. कर्जाची गरज पडण्यापूर्वी कर्जाबद्दल बोलावे

मोठ्या बँकेत अर्जाचा निर्णय बहुतांशी गुणांकनावर होतो आणि अर्जदाराला न पाहिलेला अधिकारी किंवा संगणकप्रणाली तो घेते. ही पद्धत जलद आहे आणि ज्याचे उत्पन्न, नोकरी व परतफेडीचा इतिहास नीट नोंदलेला आहे, त्याला ती न्याय देते. ज्याची कागदोपत्री नोंद तुटपुंजी आहे, पण व्यवसाय चांगला आहे, असा माणूस मात्र तिच्यातून गळतो. स्थानिक बँकेचे खरे सामर्थ्य येथे दिसते. दुकान किती वर्षे उघडे आहे, पुरवठादारांचे पैसे वेळेवर जातात का, मंदीच्या महिन्यांत मालक काय करतो, ही माहिती कोणत्याही फॉर्मवर मावत नाही. ती शाखाधिकाऱ्याला ठाऊक असते आणि निर्णय त्याच्या किंवा जवळच्या कर्ज समितीच्या हाती असल्यामुळे ती वापरलीही जाते. २०२० च्या साथीच्या काळात अमेरिकी सरकारने लहान उद्योगांना कामगारांचे पगार चालू ठेवण्यासाठी बँकांमार्फत कर्जे दिली, तेव्हा लहान स्थानिक बँकांनी एकूण बँकव्यवसायातील आपल्या वाट्याच्या तुलनेत कितीतरी अधिक कर्जे वाटली. आपले ग्राहक त्यांना आधीपासून ओळखीचे होते.

म्हणून नवख्याने खाते उघडल्यावर काही महिन्यांत शाखाधिकाऱ्याची वेळ घेऊन भेटावे आणि आपण काय करतो, पुढे काय करण्याचा विचार आहे, हे सांगावे. त्या भेटीत दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: शाखेच्या स्तरावर किती रकमेपर्यंत मंजुरी मिळते आणि त्यापुढील अर्ज कोणाकडे जातो. प्रत्यक्ष अर्ज करताना मागील दोन-तीन वर्षांचा हिशेब, चालू देणी, कर्जाचा नेमका उपयोग आणि हप्ता कोणत्या उत्पन्नातून फिटणार याची एका पानाची मांडणी सोबत न्यावी. एखादी प्रतिकूल गोष्ट असेल, जसे जुने थकलेले कर्ज किंवा एखाद्या वर्षातील तोटा, तर ती आपणच आधी सांगावी. लहान गावात ती तशीही कळते, आणि मग दडवल्याचा ठपका येतो. जामीनदार मागितला तर त्याला पूर्ण माहिती द्यावी. जामीनदाराची सही हा उपचार नसतो. कर्ज थकले तर त्याच्याकडून वसुली होऊ शकते.

हप्ता चुकण्याची चिन्हे दिसू लागली, तर चुकण्यापूर्वीच शाखेत जावे. नव्वद दिवसांची मर्यादा ओलांडली की नियमांमुळे बँकेचे हात बांधले जातात. त्याआधी मुदत वाढवणे, हप्ता कमी करणे, काही काळ केवळ व्याज घेणे असे मार्ग तिच्याकडे असतात. ओळखीचा माणूस असल्यामुळे लाजेपोटी तोंड चुकवणारे कर्जदार अशा बँकांत बरेच असतात, आणि त्या लाजेने त्यांचेच नुकसान होते.

ओळखीवर चालणाऱ्या कर्जाला एक काळी बाजूही आहे, हे सांगणे आवश्यक आहे. ज्याला कोणी ओळखत नाही, जो वेगळ्या समाजातला, वेगळ्या भाषेचा किंवा नव्याने आलेला आहे, त्याच्याबाबत हीच ओळख भिंत होऊन उभी राहू शकते. अर्ज नाकारला गेला, तर कारण लेखी मागावे आणि ते पटले नाही, तर आधी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर नियामकाच्या लोकपालाकडे किंवा तत्सम यंत्रणेकडे जावे.

६. सभासद असाल, तर सभेला जावे

सहकारी बँकेत भाग (शेअर) कितीही असले, तरी सभासदाला एकच मत असते. इंग्लंडमधील रॉचडेल गावच्या सहकारी परंपरेतून आलेले हे तत्त्व जगभर मानले जाते. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय सहकारी महासंघाने मँचेस्टर येथे सहकाराची तत्त्वे नव्याने मांडली, तेव्हा समाजाविषयीची आस्था हे सातवे तत्त्व त्यांत आले. ते तत्त्व अंमलात येते की नाही, हे तपासण्याची जागा वार्षिक सर्वसाधारण सभा ही आहे. एरवी मागील इतिवृत्त कायम करणे, ताळेबंद मंजूर करणे आणि आभार मानणे यांत ती आटोपते. नव्या सभासदाने लेखी प्रश्न मुदतीत पाठवावा, कारण ऐनवेळच्या विषयांत विचारलेला प्रश्न अध्यक्षांच्या मर्जीवर राहतो. लाभांश वाढवा, ही मागणी प्रत्येक सभेत होते. मोठ्या वीस कर्जदारांचा वाटा का वाढला किंवा लहान व्यवसायांचे किती अर्ज नाकारले, हे क्वचितच कोणी विचारते.

७. संस्थेसाठी मदत मागताना

परिसरातील मंडळ, शाळा, वाचनालय किंवा रुग्णसेवा करणाऱ्या संस्थेच्या वतीने बँकेकडे जायचे असेल, तर बँकेचे आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या सुमारास जावे, कारण वर्षाअखेरीस तरतूद संपलेली असते. अर्जासोबत नोंदणीचा दाखला, लेखापरीक्षित हिशेब, कामाचा नेमका तपशील आणि त्याचे दरपत्रक द्यावे. “सहकार्य करावे” असे मोघम लिहिण्याऐवजी कोणती वस्तू, किती जणांसाठी आणि कधीपर्यंत, हे लिहिले म्हणजे संचालक मंडळाला निर्णय घेणे सोपे जाते. काम झाल्यावर पावत्यांसह छोटा अहवाल न मागता पाठवावा. पुढच्या वर्षीचा अर्ज त्याच्या बळावर उभा राहतो.

पैशाखेरीज मागण्यासारखे बरेच असते. बँकेचा निवृत्त किंवा कार्यरत कर्मचारी संस्थेचा खजिनदार म्हणून मिळाला, तर एका वर्षात हिशेबाला शिस्त लागते. अमेरिकेच्या वर उल्लेखलेल्या कायद्यात अशा आर्थिक मार्गदर्शनाची सेवाही बँकेच्या मूल्यमापनात धरली जाते. बचत गटांना हिशेब शिकवणे, ज्येष्ठांना फसव्या फोनपासून सावध करणे, सभेसाठी सभागृह देणे, संस्थेच्या खात्यावरील शुल्क माफ करणे, या गोष्टी बँकेला स्वस्त पडतात आणि संस्थेच्या फार कामी येतात. मागणाऱ्यांच्या मनात त्या सहसा येत नाहीत.

८. दर वर्षी पुन्हा पाहावे आणि वेळ आल्यास निघावे

स्थानिकपणा हा सुरक्षिततेचा पुरावा नाही. स्पेनमधील बचत बँका आपल्या सामाजिक कार्यासाठी नावाजलेल्या होत्या आणि त्यांच्या संचालक मंडळांवर स्थानिक राजकारण्यांचे मोठे वजन होते. बांधकाम व्यवसायाला दिलेली कर्जे २००८ नंतर बुडाली, तेव्हा त्यांतील बहुतेकांचे विलीनीकरण किंवा रूपांतर झाले. सात बचत बँका एकत्र करून २०१० मध्ये घडवलेल्या बँकियाचे २०१२ मध्ये राष्ट्रीयीकरण करावे लागले. भारतात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या बहुतांश कर्जाची रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले आणि ठेवीदारांना स्वतःचे पैसे काढण्यावर निर्बंध सोसावे लागले. २०२२ च्या जानेवारीत ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. दोन्ही ठिकाणी कर्ज मोजक्या जागी एकवटले होते आणि देखरेख करणारे ढिले पडले होते. देणग्यांचे फलक तेव्हाही भिंतीवर असू शकतात.

त्यामुळे अहवाल हाती आला की तिसऱ्या पायरीतील आकडे मागील वर्षाच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत. बाजारापेक्षा खूपच जास्त ठेवदर, वारंवार बदलणारे लेखापरीक्षक, अहवाल प्रसिद्ध होण्यास विलंब, सभा वेळेवर न होणे, नियामकाने केलेला दंड, यांपैकी एखादी गोष्ट दिसली तर शाखेत जाऊन स्पष्टीकरण मागावे. दोन-तीन एकत्र दिसल्या तर विमा-मर्यादेपलीकडची रक्कम मुदत संपताच दुसरीकडे हलवावी. चालू मुदत ठेव मोडल्यास किती व्याज कापले जाते, हे ठेव ठेवतानाच विचारून ठेवलेले बरे. सभासदत्व सोडायचे असेल, तर भागांची रक्कम ठेवीसारखी मागताक्षणी मिळत नाही. ती परत करण्याचे नियम वेगळे असतात, कर्ज किंवा जामीन चालू असताना ती सहसा मिळत नाही आणि ठेव विम्याचे संरक्षणही तिला नसते, म्हणून कर्जासाठी जेवढे भाग घेणे बंधनकारक आहे त्याहून अधिक घेण्यापूर्वी पोटनियमांतील परतफेडीचे कलम वाचून घ्यावे.